स्केचअपच्या पर्स्पेक्टिव्हमध्ये वावरताना : काही महिन्यांच्या वापरानंतर

इंटिरिअरच्या रोजच्या कामात विंडोजवरचं स्केचअप हे थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर बरेच महिने वापरून झाल्यावर हे लिहितोय. प्लगइन आणि रेंडरिंगवर पुष्कळ लिहिलं जातं, म्हणून इथे फक्त पर्स्पेक्टिव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे डोळ्यांना दिसतं तसं लांबचं लहान दाखवणाऱ्या चित्रात, मॉडेलमधून फिरणं एवढाच विषय घेतलाय. बंगल्याभोवती बाहेरून चक्कर मारायची असेल तर अर्ध्या तासात हात बसतो. १० बाय १२ फुटांच्या बेडरूममध्ये शिरलं की मात्र तेच माउसचं चाक वैताग आणतं. जरा फिरवलं की कॅमेरा भिंतीपलीकडे जातो, जरा पुढे सरकलं की अर्धा वॉर्डरोब कापलेला दिसतो. बहुतेकजण याचं खापर लॅपटॉपवर फोडतात. खरं तर कॅमेरा कुठे उभा आहे, कशाकडे बघतोय आणि किती रुंद बघतोय या तीन गोष्टींकडे दुर्लक्ष झालं की हा घोळ होतो.

चाकाचं गणित सोपं आहे. चाक दाबून ओढलं की ऑर्बिट (मॉडेलभोवती फिरणं), शिफ्ट धरून तेच केलं की पॅन (चित्र आडवं-उभं सरकवणं), आणि नुसतं फिरवलं की झूम. ऑर्बिट करताना कंट्रोल दाबला तर उभ्या रेषा उभ्या ठेवण्याचं बंधन सुटतं आणि मॉडेल कलतं. फर्निचरच्या तळाशी डोकावायला हे बरं पडतं, पण चुकून दाबलं गेलं तर घर भूकंपात सापडल्यासारखं दिसतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्यांना झूमची दिशा उलटी वाटते. ती विंडो मेन्यूतल्या प्रेफरन्सेसमध्ये कम्पॅटिबिलिटी या भागात उलटवता येते. सवय मोडत बसण्यापेक्षा पहिल्याच दिवशी ती बदलून टाकावी.

झूम कर्सरच्या दिशेने होतो आणि त्याची पावलं अंतराच्या प्रमाणात पडतात. वस्तू लांब असेल तर मोठी ढांग, जवळ आली की मुंगीची चाल. म्हणून कर्सर नेहमी एखाद्या पृष्ठभागावर ठेवून चाक फिरवायचं. कर्सर खिडकीच्या मोकळ्या चौकटीतून पलीकडच्या आकाशावर असेल तर झूमला अंतर कशावरून धरायचं तेच कळत नाही. मग कॅमेरा एक तर जागचा हलत नाही, नाही तर भिंत भेदून पुढे निघून जातो. हँडलची खाच किंवा बिजागरी जवळून बघायची असेल तेव्हा चाक रगडत बसू नये. वस्तू निवडावी, उजवी क्लिक करावी आणि ‘झूम सिलेक्शन’ घ्यावं. हाच पर्याय शॉर्टकटवर टाकला की दिवसभरातला निम्मा झूम वाचतो.

कंट्रोल झेडने व्ह्यू मागे जात नाही, मॉडेलमधला शेवटचा बदल जातो, हेही नवख्यांना पहिल्या आठवड्यात नडतं. आधीच्या कोनात परतायला कॅमेरा मेन्यूत ‘प्रीव्हियस’ आहे. त्यालाही शॉर्टकट द्या.

आता खोलीच्या आतलं ऑर्बिट. ऑर्बिट म्हणजे मॉडेल फिरवणं वाटतं, पण प्रत्यक्षात कॅमेरा एका बिंदूभोवती कमानीत फिरतो. तो बिंदू समोर आठ फुटांवर असेल तर आठ फूट त्रिज्येची कमान काढायला खोलीत जागाच नसते, त्यामुळे कॅमेरा सरळ शेजारच्या किचनमध्ये जातो. उपाय दोन आहेत. जागेवर उभं राहून मान वळवायची असेल तर ऑर्बिट वापरूच नये, ‘लुक अराउंड’ वापरावं. आणि एखाद्या वस्तूभोवतीच फिरायचं असेल तर त्या वस्तूवर चाकाने डबल क्लिक करून ती स्क्रीनच्या मध्यावर आणावी आणि आडव्या येणाऱ्या भिंती बाजूला काढाव्यात. प्रत्येक भिंतीचा वेगळा ग्रुप आणि वेगळा टॅग (वस्तू एकदम दाखवायचं-लपवायचं लेबल) ठेवला तर हे एका क्लिकचं काम होतं. चारही भिंती एकाच ग्रुपमध्ये ओढून काढलेलं मॉडेल हाती आलं, तर फिरण्यापेक्षा त्या सुट्या करण्यातच जास्त वेळ जातो. ग्रुपच्या आत जाऊन काम करताना व्ह्यू मेन्यूतलं ‘हाइड रेस्ट ऑफ मॉडेल’ चालू ठेवलं की बाकीची खोली गायब होते आणि ड्रॉवरच्या आत निवांत फिरता येतं.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो फील्ड ऑफ व्ह्यूने, म्हणजे कॅमेरा किती रुंद बघतो त्या कोनाने, आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. स्केचअपमध्ये हा कोन सुरुवातीला ३५ अंश असतो आणि तो उभा मोजला जातो. म्हणजे १० फुटांवरच्या भिंतीचा जेमतेम सव्वासहा फूट उंचीचा भाग स्क्रीनवर मावतो. साडेनऊ फूट उंचीची खोली असेल तर फॉल्स सीलिंग आणि जमीन एका वेळी दिसणारच नाहीत, कितीही मागे-पुढे करा. ५० अंशांवर सव्वानऊ फूट मावतं, ६० अंशांवर साडेअकरा. बदलायला झूम साधन घ्यायचं, झेड दाबून, आणि आकडा टाइप करून एंटर मारायचा. झूम साधन हातात असताना शिफ्ट धरून ओढलं तरी कोन बदलतो, पण त्यात नेमका आकडा साधत नाही.

मग सरळ ७५ ठेवावा की काय? नाही. कोन वाढला की कडेला असलेलं सगळं ताणलं जातं. गोल पेंडंट दिवा कोपऱ्यात अंड्यासारखा दिसतो, १८ इंचांचं साइड युनिट अडीच फुटांचं भासतं, आणि क्लायंट म्हणतो, “खोली किती मोठी दिसतेय!” पुढे साइटवर ताबा घेताना तोच क्लायंट तोंड वाकडं करतो. निवासी खोल्यांसाठी ४५ ते ५५ अंश बरे. बाथरूम आणि अरुंद गॅली किचनला ६० पर्यंत जायला हरकत नाही. त्यापुढे दाखवलेलं चित्र फसवं समजावं.

३५ अंशांवरच राहून अख्खी भिंत दाखवायची दुसरी वाट आहे, आणि माझ्या मते तीच चांगली आहे. साडेनऊ फूट उंची मावायला ३५ अंशांना १५ फूट अंतर लागतं. खोली १० फुटांची असेल तर कॅमेरा पाच फूट भिंतीबाहेर ठेवायचा आणि मागची भिंत काढून टाकायची. भिंत लपवण्याऐवजी तिच्या आतल्या बाजूला सेक्शन प्लेन (मॉडेल कापून दाखवणारा पडदा) लावला तर त्या बाजूचे पडदे आणि स्विचबोर्डही सोबत जातात. प्लेनची चौकट व्ह्यू मेन्यूतून बंद केली तरी काप तसाच राहतो. शोरूमच्या कॅटलॉगमध्ये दिसतात तसे शांत, न ताणलेले व्ह्यू असेच मिळतात.

डोळ्याची उंची हाही असाच दुर्लक्षित आकडा. ‘पोझिशन कॅमेरा’ने जमिनीवर क्लिक केलं की कॅमेरा साडेपाच फुटांवर उभा राहतो. हा आकडा आपल्याकडच्या स्वयंपाकघराला जास्त आहे. पाच फूट उंचीच्या बाईचे डोळे साधारण ४ फूट ८ इंचांवर असतात. वरच्या कपाटाचा खालचा काठ ओट्यावरून कसा दिसतो आणि चिमणी नजरेत कितपत येते, हे साडेपाच फुटांवरून कळत नाही. क्लिक केल्यावर आपोआप ‘लुक अराउंड’ हातात येतं. त्याच वेळी खालच्या चौकटीत नवी उंची टाइप करून एंटर मारायचा, मिलिमीटरमध्ये काम असेल तर १४२० च्या आसपास. सोफ्यावर बसून टीव्ही युनिट तपासायचं असेल तर पावणेचार फूट. क्लिक करण्याऐवजी एका बिंदूवरून दुसऱ्याकडे ओढलं तर कॅमेरा थेट पहिल्या बिंदूच्या पातळीवर, म्हणजे जमिनीला नाक लावून बसतो. ते पाहून गोंधळू नका, उंची टाइप केली की सुटतं.

उभ्या रेषा चित्रात आत झुकतात त्या कॅमेरा वर किंवा खाली बघत असल्यामुळे. कॅमेरा अगदी आडवा असेल तर त्या आपोआप सरळ राहतात. पण मग जमीन आणि छत यांचा समतोल बिघडतो. त्यासाठी कॅमेरा मेन्यूत उभ्या रेषा सरळ ठेवणारं ‘टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह’ आहे. जागा, उंची आणि कोन आधी पक्के करायचे, मग हे चालू करायचं, पॅनने चित्र वर-खाली सरकवायचं आणि लगेच सीन (जतन केलेला व्ह्यू) जोडून टाकायचा. लगेच यासाठी की नंतर ऑर्बिटला हात लागला तर ते तत्क्षणी साध्या पर्स्पेक्टिव्हमध्ये परततं.

क्लिपिंगबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. जवळ गेल्यावर मॉडेल चाकूने कापल्यासारखं आरपार दिसू लागतं, फिरवलं की काप सरकतो. स्क्रीनवर काढण्यासाठी सॉफ्टवेअर कॅमेऱ्यासमोर एक जवळची आणि एक लांबची मर्यादा धरतं, आणि त्या दोन्हींमधलंच काढतं. मॉडेलचा पसारा वाढला की लांबची मर्यादा पार पुढे जाते आणि तिच्याबरोबर जवळचीही पुढे सरकते. मग हाताशी असलेली टीपॉय त्या मर्यादेच्या अलीकडे पडून गायब होते. पसारा वाढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आर्किटेक्टकडून आलेली ऑटोकॅड फाइल. सर्व्हेच्या प्लॅनमध्ये यूटीएमचे, म्हणजे नकाशावरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीचे आकडे असतात. पुण्याच्या आसपास उत्तरेकडचा आकडा २० लाख मीटरच्या पुढे जातो. तो तसाच आत आला तर घर मूळबिंदूपासून दोन हजार किलोमीटरवर बसतं. इंपोर्टच्या पर्यायांत ‘प्रिझर्व्ह ड्रॉइंग ओरिजिन’ची खूण काढलेली आहे ना, हे पाहून घ्यावं.

फाइल आधीच बिघडलेली असेल तर शिफ्ट झेड दाबून ‘झूम एक्स्टेंट्स’ करा. घर टाचणीच्या टोकाएवढं झालं, तर लांब कुठेतरी एखादी सुटी रेषा, मजकूर किंवा ब्लॉक पडलेला आहे असं समजा. लपवलेली भूमिती आणि बंद टॅग दिसतील असं करून तो शोधायचा आणि उडवायचा. एवढं करूनही काप जात नसेल तर फील्ड ऑफ व्ह्यू पाहा, ९० च्या पुढे गेलेला असतो. तोही ठीक असेल तर पॅरलल प्रोजेक्शनवर (लांबचं लहान न दाखवणाऱ्या व्ह्यूवर) जा, झूम एक्स्टेंट्स करा आणि परत पर्स्पेक्टिव्हवर या. दागिन्यांइतक्या लहान वस्तूंचं मॉडेल असेल तर ते हजारपट मोठ्या मापात काढणं हाच व्यवहारी मार्ग.

पर्स्पेक्टिव्हमध्ये रेषा ओढताना जवळ-लांबचा भास फसवतो. समोरच्या कपाटाचा कोपरा पकडला असं वाटतं आणि टोक जाऊन बसतं मागच्या भिंतीवर. व्ह्यू फिरवल्याशिवाय हे कळतही नाही. म्हणून बाणांच्या कळांनी अक्ष बांधायचे. उजवा बाण लाल अक्ष, डावा हिरवा, वरचा निळा म्हणजे उभा. हलवण्याच्या साधनातही याच कळा चालतात. चौकट ओढून निवडणं पर्स्पेक्टिव्हमध्ये टाळावं. उजवीकडून डावीकडे ओढलेली चौकट शेजारच्या खोलीतले प्लगपॉइंटसुद्धा घेते आणि डिलीट दाबल्यावर कुणाला पत्ता लागत नाही. निवडायला पॅरलल प्रोजेक्शनमधला फ्रंट किंवा टॉप व्ह्यू घ्या. सुताराला द्यायचं एलिव्हेशनही (समोरून दिसणारं मापाचं चित्र) तिथूनच काढा, कारण लेआउट या स्केचअपच्या जोडीच्या ड्रॉइंग प्रोग्राममध्ये स्केल पॅरलल व्ह्यूलाच लागू होतं. पर्स्पेक्टिव्हमधल्या फ्रंट व्ह्यूची प्रिंट काढून त्यावर फूटपट्टी ठेवणारे अजूनही भेटतात!

‘वॉक’ या चालत फिरण्याच्या साधनाचा वापर क्लायंटसमोरच. जिने ते आपसूक चढतं, भिंतीला थडकलं की थांबतं, बंद दरवाजालाही थांबतं. भिंतीतून जायचं असेल तर ऑल्ट धरायचा. चालताना चाक दाबलं की मान वळते. तरीही लांब चालणं टाळावं, बघणाऱ्याला गरगरतं. त्यापेक्षा सीन करून ठेवावेत आणि पेज अप, पेज डाउनने एकेक दाखवावा. एका खोलीतल्या सगळ्या सीनना फील्ड ऑफ व्ह्यू एकच ठेवा. नाही तर एका सीनवरून दुसऱ्यावर जाताना खोली श्वास घेतल्यासारखी फुगते आणि आकसते.

वेगाचं म्हणाल तर ऑर्बिट अडखळण्याचं पहिलं कारण सावल्या, दुसरं प्रोफाइल म्हणजे जाड कडा, तिसरं उतरवून घेतलेली झाडं आणि सोफे. कामासाठी एक साधी स्टाइल (मॉडेल कसं दिसावं याची सेटिंग) आणि सादरीकरणासाठी वेगळी स्टाइल ठेवावी. २०२४ च्या आवृत्तीत नवं ग्राफिक्स इंजिन आलं, पण त्याचा फायदा मिळायला विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये स्केचअपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नेमून द्यावं लागतं. दोन कार्डं असलेल्या लॅपटॉपवर हे बऱ्याचदा राहून जातं. माउस निवडताना चाक दाबायला मऊ आहे का तेवढं दुकानातच तपासा. स्वस्त माउसचं चाक दाबताना थोडंसं फिरतंही, म्हणजे प्रत्येक ऑर्बिटबरोबर एक नको असलेला झूम. टचपॅडवर काम भागवायचं असेल तर ओ आणि एच या कळांनी ऑर्बिट आणि पॅन घेता येतं, पण ते क्लायंटच्या घरी एखादा बदल करण्यापुरतंच.