पीपीटी की फ्यूम्ड? पावसाळ्याआधी सिलिका निवडताना

मे महिना लागला की कपडे धुण्याची पावडर करणाऱ्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. हल्ली त्यात बचत गटाच्या ताईही असतात. प्रश्न एकच असतो: पावसात पावडर मोकळी राहायला यंदा पीपीटी सिलिका घेऊ की फ्यूम्ड? सिलिका म्हणजे माल गोळा होऊ नये म्हणून त्यात मिसळायची बारीक पांढरी पूड. पीपीटी (प्रेसिपिटेटेड, म्हणजे साका पाडून केलेली) आणि फ्यूम्ड (ज्योतीत केलेली) हे तिचे दोन प्रकार. मी चिपळूण तालुक्यात अकरा वर्षं कपडे धुण्याची पावडर करतोय. पत्र्याची शेड, एक रिबन ब्लेंडर (पावडर मिसळायचं यंत्र), पायाने दाबायचं सीलिंग मशीन आणि पॅकिंगला तीन ताई. या दोन्ही सिलिका मी दोन-दोन पावसाळे वापरल्या, मध्ये एक हंगाम झिओलाईट, म्हणजे त्याच कामाची दुसरी एक पूड, तेही वापरून झालं. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. पण तुमचा माल कशात आणि कसा भरला जातो यावर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"सिलिका टाकली तरी दगड झाला" ही तक्रार मी ज्यांच्याकडून ऐकली, त्यांच्याकडे बहुतेक वेळा दोष दुसरीकडे सापडला. स्लरी (मळ काढणारं घट्ट ॲसिड) आणि सोडा ॲश (धुण्याचा सोडा) एकमेकांत मुरतात, ते काम पुरतं होण्याआधी माल भरला तर ते पिशवीत चालू राहतं. गॅस सुटून पिशवी फुगते आणि आतला माल बसतो. आम्ही माल रात्रभर पसरून ठेवतो आणि सकाळी चाळतो, त्यात तडजोड नाही. भर म्हणून कच्चं मीठ घालत असाल, तर त्यातलं मॅग्नेशियम क्लोराईड हवेतलं पाणी ओढतच राहणार. भर म्हणून सोडियम सल्फेट घालत असाल तर त्याचं दुखणं आणखी वेगळं. त्याने ओल धरली की पाणी स्फटिकात अडकतं आणि ३२.४ अंशांच्या वर गेलं की सुटतं. ऑक्टोबरात आमच्या शेडमध्ये दुपारी पारा त्याच्या वर असतो आणि पहाटे खाली. म्हणजे माल रोज थोडा पाझरतो आणि रोज थोडा आवळतो. सिलिका हे सुटलेलं पाणी काही प्रमाणात पोटात घेते, आणि तिचे बारीक कण दाण्यांच्या अंगाला बसल्यामुळे दाणे एकमेकांना धरत नाहीत. याहून जास्त अपेक्षा तिच्याकडून करू नये.

आता दोघींची तुलना. मालाचा मोकळेपणा एवढंच बघायचं तर फ्यूम्ड पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. माझ्याकडे मोजायचं यंत्र नाही. नरसाळ्यातून वाटीभर पावडर ताटात सोडायची आणि ढीग बघायचा, एवढीच माझी परीक्षा. काहीच न घातलेल्या पावडरीचा ढीग टोक काढून उभा राहतो. शंभर किलोला दीड किलो पीपीटी घातली की तो खाली बसतो. अर्धा किलो फ्यूम्ड घातली की त्याहून पसरट होतो, जवळजवळ रव्यासारखा. फ्यूम्ड कोरडीही जास्त असते, कारण तिचा जन्मच आगीतला. सिलिकॉन टेट्राक्लोराईड हायड्रोजनच्या ज्योतीत जाळून ती बनते. जर्मनीतल्या डेगुसा कंपनीने ही रीत १९४२ साली काढली आणि पद्धत आजही मूळची तीच आहे. पीपीटी पाण्यात जन्मते. सोडियम सिलिकेटमध्ये सल्फ्युरिक ॲसिड घालून साका पाडतात, धुतात, वाळवतात. त्यामुळे गोणीतच तिच्या अंगात पाच-सात टक्के ओल असते. जुलैत गोणीचं तोंड उघडं राहिलं तर आणखी धरते.

फ्यूम्ड किलोमागे कितीतरी पट महाग आहे, पण लागते कमी, त्यामुळे बॅचच्या हिशेबात फरक वाटतो तेवढा राहत नाही. तरी पीपीटीच स्वस्त पडते. मात्र किमतीवरून मी निर्णय घेतला नाही. घोडं अडलं ते पिशवीच्या सीलवर.

झालं असं. फ्यूम्डचा पहिला पावसाळा. गुहागर तालुक्यातल्या एका दुकानातून अर्ध्या किलोच्या पाऊचची अख्खी पेटी परत आली. दुकानदार म्हणाले, "तुमच्या मालाला पाणी सुटलंय." पेटी उघडून मी एकेक पाऊच हातात घेतला. काही दगड झाले होते, आणि त्यांच्याच शेजारी, त्याच बॅचचे, त्याच दिवशी भरलेले काही पाऊच खुळखुळ वाजत होते. एकाच पेटीत दोन तऱ्हा, म्हणजे पावडरीत खोट नसणार. मग सील तपासली. दगड झालेल्या प्रत्येक पाऊचला वरच्या सीलमध्ये कुठेतरी, बहुतेक वेळा कोपऱ्यात, नखाएवढी जागा सुटलेली होती.

पॅकिंगच्या ताईंना दाखवलं तर त्यांना हे आधीच खटकत होतं. "दादा, चिकटलीय असं दिसतंय, पण अंगठ्याने ओढली की सुटतेय. वर पीठ बसतंय ना." त्यांनी एक रिकामा होत आलेला पाऊच उजेडात धरला. गळ्याच्या आतल्या बाजूला, बरोबर जिथे गरम पट्टी दाबते तिथे, पांढरा धुरकट थर होता. बोट फिरवलं तर बोटावर आला. फ्यूम्डचं वजन लिटरला जेमतेम पन्नास ग्रॅम, आणि ती प्लॅस्टिकला नुसती चिकटून बसते. भरताना पिशवीतली हवा वर येते तिच्याबरोबर ती गळ्यापर्यंत येते आणि खाली बसायचं नाव घेत नाही. दोन प्लॅस्टिकच्या मध्ये हा थर आला की प्लॅस्टिक प्लॅस्टिकला धरत नाही. ओल आत येऊ नये म्हणून जे घातलं, त्यानेच ओलीला दार करून दिलं होतं.

मी लगेच हार मानली नाही, कारण मोकळेपणा खरंच सुरेख होता. आधी मलमलच्या फडक्याने गळा पुसून सील करायला सांगितलं. सील चांगली झाली, पण दिवसाचं पॅकिंग जवळजवळ निम्म्यावर आलं. मग पट्टीची उष्णता वाढवली, तर प्लॅस्टिक आक्रसून चुण्या पडल्या आणि गळती चुणीतून सुरू झाली. शेवटी पाऊच दोन बोटं लांब घेतला. त्याने बराच फरक पडला, पण प्लॅस्टिकचा खर्च वाढला, आणि पाऊच अर्धवट भरल्यासारखा दिसतो म्हणून गिऱ्हाईक हात लावेना. शिवाय एवढी हलकी पूड उडते म्हणून शेडमध्ये पंखा लावायची सोय उरली नाही. जुलैच्या दमट हवेत, पत्र्याखाली, पंख्याशिवाय आठ तास. त्या तिघी रोज माझ्यासमोर घामाने भिजत होत्या, ते बघवत नव्हतं.

पुढच्या वर्षी पीपीटीवर आलो. धूळ तिलाही आहे, नाही असं नाही. पण पाऊच भरल्यावर टेबलावर दोनदा आपटला की ती खाली बसते आणि गळा स्वच्छ राहतो. त्या पावसाळ्यात परत आलेले पाऊच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यांतले काही उंदरांनी कुरतडलेले. ढीग फ्यूम्डइतका पसरट होत नाही हे खरं. पण गिऱ्हाईक ढीग बघत नाही, ते पाऊच दाबून बघतं.

धुळीवरून एक विषय निघतोच. सिलिका म्हणजे सिलिकोसिस, या भीतीने काही ताई हात लावायला तयार नसतात. फुफ्फुसाचा तो आजार क्वार्ट्झसारख्या स्फटिकी सिलिकाच्या धुळीचा, म्हणजे दगडखाणीतला. आपण वापरतो त्या दोन्ही सिलिका अस्फटिकी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली स्फटिकी सिलिका पहिल्या, म्हणजे कर्करोगकारक गटात घातली, आणि अस्फटिकी तिसऱ्या गटात, म्हणजे तसा ठपका ठेवता येत नाही अशा. तरीही नाक-घसा कोरडा पडतो आणि खोकला येतो, त्यामुळे गोणी उघडताना मास्क हवाच.

झिओलाईटबद्दल थोडक्यात. दाण्यावर बसून माल मोकळा ठेवायचं काम तेही करतं, वर पाण्यातला कॅल्शियम धरून पाणी मऊ करतं. पण शंभर किलोला पाच किलोच्या खाली मला त्याचा गुण दिसला नाही, आणि ते पाण्यात विरघळत नाही. काळ्या परकरावर, शाळेच्या गडद निळ्या पँटीवर पांढुरकी झाक राहते अशी बोलणी मला ऐकावी लागली. आमच्याकडे जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मुळात मऊ, त्यामुळे त्याचा दुसरा गुणही वाया गेला. सोलापूर किंवा मराठवाड्यात, बोअरच्या जड पाण्यावर धुणाऱ्या गिऱ्हाइकासाठी माल करत असाल तर कदाचित तुमचं मत वेगळं होईल. पाण्याला न जुमानणारी हायड्रोफोबिक फ्यूम्डही व्यापारी दाखवतात. ती मी नमुन्यापुरतीच घेतली. बादलीत टाकल्यावर पाण्यावर तरंगली, तिथेच सोडून दिली.

पीपीटी घ्यायची ठरवलीत तर व्यापाऱ्याला कामाचं स्वरूप नीट सांगा. रबरवाल्यांची दाणेदार पीपीटी वेगळी. ती सुगंध पोटात धरायला चालेल, पण दाण्यावर थर द्यायला बारीक, पिठासारखीच हवी. आणि ती शेवटी टाका. स्लरीच्या आधी किंवा स्लरीबरोबर टाकली तर स्लरीच तिच्या पोटात शिरते. मग सोडा ॲशशी स्लरीची गाठ नीट पडत नाही आणि पुढे पाणी प्यायला सिलिकात जागाही उरत नाही. आमची रीत अशी: माल मुरला, चाळला की सुगंध अर्ध्या सिलिकात हाताने चोळून घ्यायचा, तो आधी ब्लेंडरमध्ये सोडायचा, आणि उरलेली कोरडी सिलिका शेवटची चार-पाच मिनिटं. त्याहून जास्त फिरवलं तर दाणे मोडून भुगा वाढतो. दोन टक्क्यांच्या वर जाऊन मला काही मिळालं नाही, फक्त धूळ वाढली.

फ्यूम्ड कोणी घ्यावी? जे बरणीत किंवा झाकणाच्या डब्यात भरतात, ज्यांच्याकडे गरम पट्टीचं सील नाही, त्यांनी. तिथे तिची माझ्यासारखी अडचण येणार नाही, आणि कोरडेपणात ती उजवीच आहे. एका ओळखीच्या ताई डब्यातून पावडर विकतात. माझ्याकडची उरलेली फ्यूम्डची गोणी त्यांनाच दिली आणि त्या खूश आहेत. तुम्ही पाऊच भरत असाल तर दोन्हींची पाच-पाच किलोची बॅच आत्ता, मे संपायच्या आत करा. प्रत्येकीचे दहा पाऊच तुमच्याच मशीनवर सील करा, रात्रभर राहू द्या, आणि सकाळी कोपऱ्यात अंगठा घालून ओढून बघा.