चिपळूणचं एमआरआय सेंटर, किडनीचा त्रास असलेल्यांनी जरूर जावं

आमच्या काकींच्या सोनोग्राफीत लिव्हरवर डाग दिसला म्हणून डॉक्टरांनी कॉन्ट्रास्टसकट (फोटो स्पष्ट यावा म्हणून द्यायच्या इंजेक्शनसकट) एमआरआय लिहून दिला, आणि काकींची किडनी आधीच कमजोर, त्यामुळे घरात सगळ्यांना धास्ती. गुहागरहून इथे आणलं. काउंटरवर पैशाचं बोलायच्या आधी क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मागितला, हे मला फार आवडलं. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, ३० च्या खाली बघून रेडिओलॉजिस्ट मॅडम स्वतः बाहेर आल्या.

त्या म्हणाल्या नेहमीचं इंजेक्शन गॅडोलिनियमचं, पण २००६ मध्ये लक्षात आलं की किडनी निकामी झालेल्यांना त्यातल्या काही जुन्या औषधांनी कातडी जाड नि कडक होत जाण्याचा आजार होऊ शकतो, नव्या औषधांत धोका खूप कमी, तरी गरज असेल तरच द्यायचं. दुसरं काहीच नाही का विचारलं तर कागद घेतला नि पेनने गोल गोल काढत लोखंडाच्या नॅनोकणांचं समजावलं. आयर्न ऑक्साइडचा कण, त्यावर डेक्स्ट्रानसारख्या साखरेच्या साखळ्यांचं कोटिंग, ते नसेल तर कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. लिव्हरमधल्या कुप्फर पेशी, म्हणजे रक्तातला कचरा साफ करणाऱ्या पेशी, हे कण गिळतात, मग चांगलं लिव्हर फोटोत काळं पडतं, आणि कॅन्सरच्या बहुतेक गाठींत त्या पेशी नसतात म्हणून गाठ पांढरी उठून दिसते. नंतर ते लोखंड शरीर रक्त बनवायला वापरतं. किती सुंदर कल्पना आहे ही! असं फेरिडेक्स नावाचं औषध १९९६ ला अमेरिकेत मंजूर झालेलं, पण २००८ ला बंद पडलं. फेरुमॉक्सिटॉल नावाचं तसंच लोखंडाच्या कणांचं औषध आहे, ते मुळात किडनीवाल्यांच्या अ‍ॅनिमियासाठी, काही ठिकाणी एमआरआयला वापरतात, पण जोराची अ‍ॅलर्जी येऊ शकते म्हणून सलाईनमधून सावकाश, निदान १५ मिनिटं लावून. आमच्याकडे ते नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं.

मग आधी साधा स्कॅन केला आणि त्यातच कळलं की डाग म्हणजे साधी पाण्याची गाठ, कॉन्ट्रास्ट लागलाच नाही, त्याचे पैसेपण घेतले नाहीत.

बसायची जागा मात्र फारच कमी, आणि जिना चढताना काकींना दम लागला, लिफ्ट हवीच. जाताना क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट नि सोनोग्राफीची फिल्म सोबत ठेवा, आणि पेसमेकर किंवा अंगात कुठे स्टीलची पट्टी असेल तर फोनवरच सांगून टाका.