चकचकीत, तुकतुकीत की झिलईदार? चमकणाऱ्या पृष्ठभागासाठी शब्द निवडताना

‘चमकदार’ हा शब्द वाचून एवढंच कळतं की त्या वस्तूवर प्रकाश पडला की ती उजळते. कशी उजळते, ते कळत नाही. वर्णन लिहिणाऱ्याला मात्र नेमकं तेच सांगायचं असतं. मी बरीच वर्षं वस्तूंची माहितीपत्रकं लिहिते. एकदा स्टीलच्या पत्र्याला मी ‘चकचकीत’ लिहिलं. पत्रा होता बारीक समांतर रेघांचा, ज्याला कारखान्यात हेअरलाइन म्हणतात. ज्यांनी तो मागवला त्यांच्या डोळ्यांसमोर आरसा होता. पत्रा परत आला. पत्र्यात काही दोष नव्हता, माझा शब्द चुकला होता. तेव्हापासून चमकेचा कुठलाही शब्द लिहिण्याआधी मी तीन गोष्टी पाहते: त्यात चेहरा दिसतो का, चमकेला स्वतःचा रंग आहे का, आणि ती चमक आली कुठून.

चकचकीत की लखलखीत?

दोन्ही शब्द घासूनपुसून स्वच्छ केलेल्या वस्तूंना लागतात, म्हणून सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. मला त्यांत फरक वाटतो. चकचकीत वस्तूत समोरचं काहीतरी उमटतं: फरशीत खिडकी, बुटाच्या टोकावर दिवा. शिवाय त्यात स्वच्छतेची ग्वाही आहे. धूळ बसलेली गाडी चकचकीत नसते, तिचा रंग कितीही उत्तम असो. लखलखीत वस्तूत काय उमटतं याकडे लक्षच जात नाही, कारण तिच्यातून तेज बाहेर येतंय असं वाटतं. घासलेलं पितळ लखलखीत, पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट चकचकीत.

याला प्रकाशाच्या वागण्याचाही आधार आहे. काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्केच तिच्या वरच्या पृष्ठावरून परततो. चांगली चांदी ९० टक्क्यांहून अधिक परतवते. आणि धातूची चमक रंगीत असू शकते: तांब्यावरची तिरीप तांबूस दिसते, सोन्यावरची पिवळी. लाल प्लास्टिकवर मात्र दिव्याचा ठिपका दिव्याच्याच रंगाचा, पांढराच पडतो. म्हणून लखलखीत आणि त्याहून तापलेला झळझळीत हे शब्द मी धातूंसाठी आणि जरीसारख्या धातूच्या धाग्यांसाठी राखून ठेवते. झळझळीत या शब्दात ‘झळ’ आहे, त्यात ऊब हवी. प्लास्टिकला झळझळीत म्हटलं की वाचकाला ते पटत नाही, का पटत नाही हे त्याला सांगता आलं नाही तरी.

‘झगमगीत’ अनेक छोट्या ठिणग्यांसाठी ठेवावा, टिकल्यांच्या कापडासारख्या पृष्ठासाठी. त्याच अर्थाने ‘चमचमीत’ लिहू नका, तो शब्द आता जिभेचा झाला आहे. ‘चमचमणारा’ चालतो.

तुकतुकीत आणि तकतकीत

माझा सगळ्यात आवडता शब्द तुकतुकीत, आणि सगळ्यात जास्त चुकीच्या जागी दिसणाराही तोच. तुकतुकीत ही ताणलेल्या, भरलेल्या, जिवंत पृष्ठाची चमक आहे: घोड्याची पाठ, कोवळं पान, तान्ह्या बाळाचे गाल. तिच्यात प्रकाशाची कडा मऊ असते आणि खाली काहीतरी रसरशीत आहे असं वाटतं. स्टीलच्या नळाला तुकतुकीत म्हटलं की शब्द वाया जातो. तकतकीत थोडा अधिक मोकळा आहे. तो पानालाही लागतो आणि नुकतं वॉर्निश लावलेल्या लाकडालाही, चामड्यालाही. लाकूड आणि चामडं यांच्या बाबतीत चकचकीत आणि तकतकीत यांत निवडायचं असेल तर मी दुसरा घेते: त्यात पदार्थाचा स्वतःचा पोत दिसत राहतो, चकचकीतमध्ये वरचा थरच दिसतो.

‘गुळगुळीत’ हा मुळात स्पर्शाचा शब्द. गुळगुळीत वस्तू चमकेलच असं नाही. चमक घालवणारा खडबडीतपणा इतका सूक्ष्म असतो की बोटाला तो जाणवतही नाही. तरी ‘गुळगुळीत कागदावरचं मासिक’ म्हटलं की सगळ्यांना चमकणारा कागदच दिसतो, आणि इतक्या रुळलेल्या प्रयोगाला मी हात लावणार नाही. छपाईची ऑर्डर देताना मात्र ग्लॉसी की मॅट हे वेगळं लिहाच, कारण मॅट आर्ट पेपरही हाताला गुळगुळीतच लागतो.

चमक कुठून आली?

इथे शब्द चुकला तर नुसती शैली बिघडत नाही, माहितीच खोटी ठरते. पॉलिश म्हणजे मुळात घासून खाचा कमी करणं, आणि ओप सोनाराच्या कामातला जुना शब्द: धातू तोच, उजाळा नवा. मुलामा म्हणजे वर दुसऱ्या धातूचा पातळ थर. मुलामा झिजतो, म्हणून मुलामा दिलेल्या वस्तूला ‘ओप दिलेली’ लिहिणं ही वाचकाची फसवणूक आहे. झिलई बोलण्यात कुठल्याही तकाकीला म्हणतात, पण चिनी मातीच्या भांड्यांबद्दल लिहिताना तिचा ठरलेला अर्थ आहे: भट्टीत वितळून भांड्याला एकजीव झालेला काचेचा थर. कल्हई या यादीत चुकून येते. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कथील लावतात ते अन्नाचा त्या धातूशी संपर्क येऊ नये म्हणून, आणि चमक ही त्याबरोबर येणारी गोष्ट. क्रोमच्या नळाला कल्हई म्हणू नये.

न चमकणाऱ्याला काय म्हणायचं?

इथे मराठीची खरी अडचण होते. निस्तेज, फिका, मळका हे सगळे शब्द दोष दाखवतात. मुद्दाम चमक काढून घेतलेल्या सुंदर पृष्ठाला आपल्याकडे रुळलेला तटस्थ शब्द नाही. ‘निस्तेज रंगाची भिंत’ वाचून कोण तो रंग घेईल? मी सरळ ‘मॅट’ लिहिते. तो आता सगळ्यांना कळतो. मॅट आणि ग्लॉसी यांच्या मधल्या चमकेसाठी ‘रेशमी’ हा शब्द ‘सॅटिन’पेक्षा मला सरस वाटतो. फक्त रंगाच्या डब्यावर जे छापलंय ते बदलू नये, नाहीतर माणूस दुकानात भलतंच मागेल.

घेणाऱ्याला मॅट सुचवताना एक गोष्ट सांगून ठेवावी: समोरून अजिबात न चमकणारी भिंत अगदी तिरप्या नजरेने, खिडकीच्या उजेडाच्या दिशेने पाहिली की चमकू शकते. तो रंगाचा दोष नव्हे, तिरप्या कोनात प्रकाश जास्तच परततो. उलट ग्लॉसी रंग भिंतीचा प्रत्येक उंचवटा उघडा करतो.

करारात किंवा ऑर्डरमध्ये विशेषणांवर भिस्त ठेवू नये. तिथे ग्लॉस मीटरचा आकडा लिहावा. हे यंत्र सहसा ६० अंशांच्या कोनात प्रकाश टाकून किती परतला ते मोजतं. १.५६७ अपवर्तनांकाच्या (म्हणजे काच प्रकाश किती वाकवते त्याच्या मापाच्या) पॉलिश केलेल्या काळ्या काचेला १०० मानलेलं असतं. आकडा ७० च्या वर गेला तर २० अंशांवर आणि १० च्या खाली आला तर ८५ अंशांवर पुन्हा मोजतात. म्हणून आकड्याबरोबर कोनही लिहायलाच हवा. पण सारख्या आकड्याचे दोन पृष्ठभागही वेगळे दिसू शकतात. एकात प्रतिबिंब रेखीव, दुसऱ्यात लाटांवर हलल्यासारखं. रंगकाम करणारे या दुसऱ्याला ऑरेंज पील म्हणतात, आणि खरंच ते संत्र्याच्या सालीसारखं दिसतं. त्यामुळे आकड्याला शब्दाची सोबत लागतेच.

शब्द सापडत नसेल तर खनिजशास्त्राची रीत उचलावी. तिथे विशेषणं जमवत बसत नाहीत, थेट ओळखीच्या वस्तूशी नातं सांगतात: चमक काचेसारखी, मोत्यासारखी, राळेसारखी, मेणासारखी, रेशमासारखी, धातूसारखी. क्वार्ट्झची काचेसारखी, गॅलेनाची धातूसारखी. जिप्समच्या तंतुमय प्रकाराची रेशमासारखी, तर त्याच जिप्समच्या पाटनपृष्ठावर, म्हणजे खनिज सहज फुटतं त्या सपाट पृष्ठावर, मोत्यासारखी. पदार्थ एकच, पण रचना बदलली की चमक बदलते, आणि शब्दही.

परत आलेल्या त्या पत्र्याचं वर्णन मी नंतर बदललं. आता ते असं आहे: ‘बारीक समांतर रेघांचा पत्रा. चमक रेशमासारखी. चेहरा दिसत नाही. दिव्याचा उजेड रेघांना आडव्या पट्ट्यासारखा पसरतो.’