परदेशांची जागा शिकवणारा खेळ : सेटेरा

स्वीडनच्या मारियान वार्टॉफ्ट यांनी १९९७ मध्ये तयार केलेला सेटेरा हा सुरुवातीला घरच्या संगणकावर चालणारा छोटा प्रोग्राम होता. पुढे तो संकेतस्थळावर आणि मोबाइलवर आला, आणि आता तो जिओगेसर या स्वीडनमधल्याच कंपनीकडे आहे. संकेतस्थळावर तो विनामूल्य खेळता येतो. खेळाचे स्वरूप अगदी साधे आहे : पडद्यावर एखाद्या खंडाचा नावे नसलेला नकाशा येतो, कर्सरशेजारी एका देशाचे नाव दिसते आणि तो देश जिथे असेल तिथे टिचकी मारायची असते. पहिल्या प्रयत्नात उत्तर बरोबर आले तर देश पांढरा होतो, दुसऱ्यात पिवळा, तिसऱ्यात नारिंगी, आणि तरीही जमले नाही तर लाल. शेवटी टक्केवारी आणि लागलेला वेळ दिसतो. देशांखेरीज राजधान्या, नद्या, पर्वत आणि झेंडे यांचेही नकाशे आहेत, परंतु या खेळाचे खरे बळ देशांच्या नकाशांत आहे आणि मी मुख्यतः त्यांच्याविषयीच लिहितो आहे.

परदेशांची आपली ओळख बहुतेक वेळा नावापुरती असते, हे हा खेळ फार लवकर दाखवून देतो. माझी भाची गेल्या वर्षी दहावीला होती. राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांचा तुलनात्मक अभ्यास आहे, त्यामुळे ॲमेझॉनचे खोरे, पँटानल, अवर्षण चतुष्कोन हे सारे तिला तोंडपाठ होते. चिली आणि इक्वेडोर वगळता दक्षिण अमेरिकेतील सर्व देशांच्या सीमा ब्राझीलला लागून आहेत, हेही तिने न अडखळता सांगितले. मग तिने दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडला. ब्राझीलवर तिची टिचकी क्षणात पडली आणि चिलीही त्याच्या लांबलचक आकारामुळे सापडला. पॅराग्वे शोधताना मात्र ती आधी उरुग्वेवर गेली, मग बोलिव्हियावर, मग पुन्हा किनाऱ्याकडे वळली, आणि पॅराग्वे लाल झाला. पुढच्या खेपेस ती चुकली नाही, कारण मधल्या वेळात एक गोष्ट तिची तिलाच दिसली होती : या खंडात समुद्रकिनारा नसलेले देश दोनच आहेत, बोलिव्हिया आणि पॅराग्वे, आणि ते एकमेकांना लागून आहेत. पाठ केलेल्या वाक्याला नकाशावर जागा मिळाली की ते वाक्य किती वेगळ्या रीतीने समजते, हे मी त्या वेळी जवळून पाहिले. नकाशा आराखडे भरून घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा खेळ एकदा तरी वर्गात वापरून पाहावा, असे मला तेव्हापासून मनापासून वाटते.

मोठ्यांची गत फारशी वेगळी नाही. आपल्याकडे परदेशांची ओळख क्रिकेट, नोकरी आणि बातम्या या वाटांनी होते, आणि या तिन्ही वाटांनी नाव कळते, ठिकाण कळतेच असे नाही. वेस्ट इंडिज हा एक देश आहे अशी समजूत आजही सर्रास आढळते. प्रत्यक्षात तो बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद आणि टोबॅगो अशा अनेक स्वतंत्र देशांचा मिळून बनलेला क्रिकेट संघ आहे, आणि त्यांपैकी गयाना तर बेटही नाही, तो दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा देश आहे. कॅरिबियन बेटांचा नकाशा खेळताना हे कोडे आपोआप उलगडते. गयानाच्या पूर्वेस सुरिनाम आणि त्याच्याही पूर्वेस फ्रेंच गयाना आहे. १९८१ मधल्या ॲपलपासून २०१८ मधल्या जीसॅट-११ पर्यंत भारताचे अनेक उपग्रह याच फ्रेंच गयानातील कौरू येथून अवकाशात गेले. ही बातमी मी लहानपणापासून वाचत आलो आहे. कौरू विषुववृत्ताच्या इतके जवळ आहे की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग अग्निबाणाच्या मदतीला येतो, हे कारण मात्र ते ठिकाण नकाशावर पाहिल्याशिवाय मनात बसत नाही.

परदेशांच्या भूगोलाचे अज्ञान ही केवळ सामान्यज्ञानाच्या स्पर्धेतली उणीव आहे, असे मानणाऱ्यांनी अमेरिकेतील दोन पाहण्या लक्षात घ्याव्यात. नॅशनल जिओग्राफिकने २००६ मध्ये घेतलेल्या पाहणीत १८ ते २४ वयाच्या ६३ टक्के अमेरिकन तरुणांना इराक नकाशावर दाखवता आला नाही, आणि तेव्हा त्यांच्या देशाचे सैन्य इराकमध्ये जाऊन तीन वर्षे झाली होती. २०१४ मध्ये अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांनी लोकांना युक्रेन दाखवायला सांगितले, तेव्हा सहांपैकी साधारण एकालाच तो सापडला. त्याहून गंभीर बाब अशी की, ज्यांची खूण युक्रेनपासून जितकी दूर पडली होती, तितका त्यांचा कल तिथे लष्करी हस्तक्षेप करण्याकडे अधिक होता. आपल्याकडच्या चर्चांतही इस्रायल, इराण, येमेन यांच्याविषयी ठाम मते ऐकू येतात, आणि त्या मतांच्या आधी पश्चिम आशियाचा नकाशा एकदा खेळलेला असावा ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

खेळाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. प्रत्येक खंडाचा नकाशा पडद्यात मावेल अशा बेताने काढलेला असतो, त्यामुळे खंडाखंडांचे परस्परप्रमाण हरवते. युरोपच्या नकाशात जर्मनी भरभक्कम दिसतो आणि आफ्रिकेच्या नकाशात काँगो लोकशाही प्रजासत्ताक तितकाच दिसतो, पण जर्मनीचे क्षेत्रफळ सुमारे ३.५७ लाख चौरस किलोमीटर, तर काँगोचे २३ लाखांहून अधिक आहे. आपला महाराष्ट्र सुमारे ३.०८ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे इटलीहून किंचित मोठाच, हेही अशा खेळातून कधी कळणार नाही. अंतराचेही तसेच आहे : मुंबईहून मस्कत हे कोलकात्यापेक्षा जवळ आहे, पण खंडवार तुकडे केलेल्या नकाशांत अरबी समुद्राचा पलीकडचा किनारा आपल्या शेजारी राहतच नाही. म्हणून हा खेळ पृथ्वीच्या गोलासोबत किंवा चांगल्या नकाशासंग्रहासोबत खेळावा. दुसरी मर्यादा वेगाची आहे. वेळ कमी करण्याच्या नादात हाताला जागा पाठ होतात आणि डोके काम करणे थांबवते. दाखवलेल्या देशाचे नाव स्वतः टंकावे लागते तो प्रकार अधिक कठीण आणि अधिक उपयोगी आहे. नायजर आणि नायजेरिया, स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया, गिनी, गिनी-बिसाऊ आणि इक्वेटोरियल गिनी यांचा घोळ खरा तिथेच सुटतो.

छापील नकाशांपेक्षा अशा खेळाची एक बाजू निश्चित वरचढ आहे. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा वीस-वीस वर्षे बदलत नाही, आणि तेवढ्या काळात दक्षिण सुदान स्वतंत्र होतो (२०११), स्वाझीलँड एस्वातिनी होतो (२०१८), मॅसिडोनिया उत्तर मॅसिडोनिया होतो (२०१९), कझाकस्तानची राजधानी अस्तानाची नूर-सुलतान होऊन २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना होते. भारताच्या सीमेबाबत मात्र शिक्षकांनी दक्ष राहावे. परदेशी बनावटीच्या नकाशांत ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असेल असे गृहीत धरू नये, आणि आशियाचा नकाशा वर्गात लावण्यापूर्वी मुलांना ते स्पष्ट सांगावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने जगाच्या नकाशापासून आरंभ करू नये, कारण तिथे देश इतके लहान आणि इतके पुष्कळ असतात की कंटाळा येतो. दक्षिण अमेरिका सर्वांत सोपी आहे, ती आधी घ्यावी. मग आग्नेय आशिया, मग युरोप. आफ्रिकेला भरपूर वेळ द्यावा, कारण तिथे संयुक्त राष्ट्रांचे ५४ सदस्य देश आहेत आणि आपल्या शालेय अभ्यासात त्यांतील मोजकेच येतात. त्या नकाशात लहान बेटांच्या जागी वर्तुळे काढलेली असतात, त्यांपैकी मादागास्करच्या पूर्वेचे मॉरिशसचे वर्तुळ मराठी माणसाने तरी चुकवू नये. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी गेलेल्या कुटुंबांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवतात आणि तिथल्या शाळांतून मराठी शिकवली जाते, तरीही माझ्या ओळखीतले बरेच जण मॉरिशस मालदीवच्या आसपास शोधू लागतात.