35,090 रुपयांचा काटा आणि 410 ग्रॅमचं पार्सल

आधी आकडे, वजनकाटा घेताना फसलो त्याचे. आगाऊ 13,700. मग ‘कस्टम’चे म्हणून 4,860. मग ‘परत मिळणारं डिपॉझिट’ 2,190. पार्सल दारात आल्यावर उरलेले 13,700. आणि काटा परत न्यायच्या कुरिअरचे 640. एकूण 35,090 रुपये. यातले शेवटचे 640 आठवले की सगळ्यात जास्त चीड येते, कारण तोवर सगळं कळून चुकलं होतं. तरी दिले. न्यायला कुणी आलंच नाही.

काटा हवा होता एअर रायफलचे पेलेट, म्हणजे छर्रे, निवडायला. पेलेट 4.5 मिलिमीटरचा, वजन साधारण 0.53 ग्रॅम. पाचशेच्या डब्यात काही हलके निघतात, ते वेगळे काढायचे. दहा मीटरवर वजनापेक्षा डोक्याचा व्यास महत्त्वाचा, हे ठाऊक आहे, ते कुणी शिकवू नये. पण लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मुलाचा शॉट नवात गेला तर चूक त्याची की पेलेटची, हे सांगता यायला हवं.

जाहिरात ‘रिलोडिंग’च्या काट्याची होती. अमेरिकेत लोक घरी काडतुसं भरतात, प्रत्येकात बंदुकीची दारू सारखी पडावी म्हणून असे काटे वापरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा, पण तो काटा पेलेटला चालतो. विक्रेत्याचा दावा: लोडसेल नाही, चुंबकी बलाचा काटा, 1 मिलिग्रॅमपर्यंत वाचन, 27,400 रुपये.

फरक मोठा आहे, म्हणूनच भुललो. लोडसेलमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या गेजचा, म्हणजे ताण ओळखणाऱ्या पातळ पट्टीचा, विद्युत रोध बदलतो. पट्टी तापली की शून्य सरकतं. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, कूलरच्या वाऱ्यात, असा काटा क्षणभर थाऱ्यावर राहत नाही. चुंबकी काटा तबकाला खाली जाऊच देत नाही, ते जागच्या जागी धरायला कॉइलमधून किती करंट लागला त्यावरून वजन सांगतो. चटकन स्थिरावतो, फारसा सरकत नाही. आणि 27,400 मध्ये मिळत नाही. हेही माहीत होतं.

व्हिडिओत त्याने पेलेट ठेवला, आकडा आला 8.2 ग्रेन (ग्रेन हे बंदूकवाल्यांचं वजनाचं माप). एकच दशांश. 0.1 ग्रेन म्हणजे 6.5 मिलिग्रॅम. म्हणजे 1 मिलिग्रॅमची फुशारकी 6.5 मिलिग्रॅमच्या पायरीवर चालली होती. ‘भाऊ, ग्रॅममध्ये दाखवा’ एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. नाही म्हटलं.

पण खरी लाज पार्सलची. खोक्यावर कुरिअरची चिठ्ठी होती, तिच्यावर ठळक छापलेलं: वजन 0.410 किलो. चुंबक, कॉइल, जड बूड, ॲडॉप्टर, काच, असा काटा किलो-दोन किलोचा तरी भरतोच. मिलिग्रॅमवर वाद घालणाऱ्यांनी खोकं हातात घेतलं, ‘हलकंय’ असं म्हटलंसुद्धा, आणि कुरिअरच्या पोराला 13,700 मोजून दिले. तो घाई करत होता, उन्हात उभा होता, त्यात फोनवर विक्रेता ‘सील तोडलं तर वॉरंटी गेली’ म्हणत होता. तुम्हीही दिले असते. खोकं उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि उघडताना चिठ्ठीपासून शेवटपर्यंत सलग चित्रण करा. आमचं चित्रण खोकं उघडल्यानंतर सुरू होतं, म्हणून ते कुणी मोजतच नाही.

आत दोन पेन्सिल सेलवर चालणारा खिशातला काटा. चुंबकी काट्याला सेल पुरत नाहीत, तिथेच निकाल लागला. तरी तपासला. एकच पेलेट चिमट्याने दहा वेळा ठेवला: 0.525, 0.540, 0.530, 0.545… शेवटचा आकडा कायम 0 किंवा 5. आतून 5 मिलिग्रॅमच्या पायऱ्या, वर तीन दशांशांचा मुखवटा. सोबतचं 20 ग्रॅमचं वजन सराफाच्या शिक्क्याच्या काट्यावर 19.86 भरलं. वजन खोटं असलं तरी निवडीला फारसं बिघडत नाही, सगळे पेलेट त्याच प्रमाणात चुकतात. वाचन दरवेळी बदललं की मात्र काटा कामातून गेला. आणखी एक: रिकाम्या तबकावर कागदाचे बारीक तुकडे एकेक टाकत जा. स्वस्त काटा ते शून्यातच गिळतो. दारू कणाकणाने सोडणारे म्हणूनच तबक उचलून पुन्हा ठेवून बघतात.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलीस ठाण्यात ‘रायफल’ आणि ‘दारू’ हे दोन शब्द कानावर पडले आणि फसवणूक राहिली बाजूला, दीड तास परवान्याचीच विचारपूस. मग ‘काय भो, सोनं तोलतो का?’ मग ‘हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा.’ दिवाणी? खोटा माल देऊन पैसे उकळणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 318. ठाणं घेत नसेल तर तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(4) मध्ये ती सोय आहे. वजनमापवाल्यांचं ऐका: ‘काटा व्यापाराला वापरत नाही ना, मग आमचा संबंध नाही.’ अहो, विकणारा तर व्यापारच करतोय! वजनमापाच्या 2009 च्या कायद्यात काटा विकायलाही परवाना लागतो. यावर उत्तर: ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’ तीन खेपा झाल्या, मीटिंग संपली नाही.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन पहिल्या काही तासांतच करा, पैसे पुढे सरकायच्या आत. आम्ही सहाव्या दिवशी केला. ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यातून तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंत फी नाही.

परवा तोच व्हिडिओ नव्या नंबरवरून आला. तोच पेलेट, तेच 8.2, किंमत आता 24,900. ‘ग्रॅममध्ये दाखवा’ असं लिहिलं. दोन मिनिटांत ब्लॉक.