पळसपापडी आणि वावडिंग: शेळ्यांच्या जंतांवर आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनपासून जानेवारीपर्यंत मी माझ्या २२ उस्मानाबादी शेळ्यांना जंतांसाठी पळसपापडी, म्हणजे पळसाच्या बिया, आणि वावडिंग देत आलो. त्याआधी वर्षानुवर्षे अल्बेंडाझोल हे एकच जंतनाशक औषध, तेही वजन न करता अंदाजाने, पाजत होतो. अशाने जंत औषधाला सरावतात आणि माझ्या वाड्यात नेमके तेच झाले होते.

मे महिन्यात पळसाच्या वाळलेल्या शेंगा वेचल्या. प्रत्येक चपट्या शेंगेच्या टोकाशी एकच बी असते. बिया रात्रभर भिजवून त्यांची तांबूस साल चोळून काढली आणि सावलीत वाळवून कुटल्या. ही पूड कडवट असल्याने शेळ्या थुंकतात, म्हणून वावडिंगाच्या पुडीसह गुळात मळून तिच्या गोळ्या दिल्या. पाण्यात कालवून पाजताना एका करडाला ठसका लागला, तेव्हापासून पाजणे बंद केले. मात्रा पशुवैद्यकांना विचारून वजनाप्रमाणे ठरवली. पळसबीज गर्भधारणेस प्रतिकूल मानले जाते, त्यामुळे गाभण शेळ्यांना ते मुळीच दिले नाही.

दवाखान्यात लेंडी तपासून घेतली तेव्हा बहुतेक शेळ्यांमध्ये जंतांची अंडी कमी झालेली दिसली, पण एकीतही ती पूर्ण गेली नव्हती. करडांची हगवण थांबली आणि केसांवर चमक आली. यात बाभळीच्या शेंगांचा आणि सुबाभळीच्या पाल्याचाही वाटा असावा, असे मला वाटते.

ऑगस्टमध्ये मात्र एका पाटीच्या (तरुण शेळीच्या) जबड्याखाली पाण्याची मऊ पिशवी लोंबू लागली. खालची पापणी उलटून पाहिली तर आतला भाग कागदासारखा पांढरा होता. चौथ्या पोटात राहून रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंताची ही ओळखीची खूण आहे. गोळ्यांवर विसंबून मी दोन दिवस घालवले, याची खंत आजही वाटते. पशुवैद्यकांनी लेव्हामिसोल हे दुसरे जंतनाशक दिल्यावर ती हळूहळू सावरली. पापणी इतकी फिकट पडल्यावर वनस्पतींची वाट पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जंतांच्या अळ्या ओल्या गवतावर चढतात, त्यामुळे आता दव सुकल्यावरच कळप सोडतो. पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी प्रत्येकीची पापणी पाहतो आणि फिकट दिसेल तिलाच दवाखान्याचे औषध देतो. बरणीतली पळसपापडी एप्रिलपर्यंत पुरेल.