व्हायरलझोन: एमएस्सी व्हायरॉलॉजीच्या अभ्यासाला किती पुरतं?

एमएस्सी व्हायरॉलॉजीला प्रवेश घेतलेल्यांनी पहिल्याच आठवड्यात बुकमार्क करावी अशी एक वेबसाइट आहे, ती म्हणजे व्हायरलझोन. स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मॅटिक्सच्या स्विस-प्रॉट गटाने ती २००९ साली सुरू केली. पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही. विषाणू पेशीत शिरल्यावर नेमकं काय करतो आणि ते तसंच का करतो, हे समजायला इतकी नेटकी जागा दुसरी नाही. पण परीक्षेपुरती चाळली तर फारसं हाती लागत नाही. ही साइट कागद-पेन्सिल घेऊनच वाचावी.

प्रत्येक कुटुंबाच्या आणि प्रजातीगटाच्या (जीनस) पानाची मांडणी जवळपास ठरलेली आहे. वर विषाणूकणाची आकृती, मग जीनोमचा नकाशा, जनुकांची अभिव्यक्ती आणि शेवटी प्रतिकृतीचे टप्पे क्रमाने. यजमान, प्रसार, आजार, लस यांची माहिती आटोपशीर असते. टप्प्यांमधले तांत्रिक शब्द दुव्यांनी जोडलेले आहेत आणि प्रथिनांच्या नोंदींसाठी थेट युनिप्रॉट या माहितीकोशावर जाता येतं.

आपल्याकडचाच विषाणू घेऊन पाहू. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेला चांदीपुरा विषाणू ऱ्हॅब्डोव्हिरिडी कुटुंबातला, व्हेसिक्युलोव्हायरस गटातला. या गटाच्या पानावर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, सुमारे १८० नॅनोमीटर लांब कण दिसतो. सुमारे ११ हजार न्यूक्लिओटाइडांचा निगेटिव्ह स्ट्रँड (ज्यावरून थेट प्रथिनं बनत नाहीत असा) आरएनए आणि त्यावर एन, पी, एम, जी, एल ही पाच जनुकं. इथे बहुतेकांची एक चूक होते. आरएनएच्या दोन टोकांना ५′ आणि ३′ म्हणतात. निगेटिव्ह स्ट्रँडचा नकाशा डावीकडे ३′ टोक धरून काढतात. ते न पाहता सवयीने डावीकडे ५′ लिहिलं की जनुकांचा क्रम उलटा होतो आणि पुढचं सगळं उत्तर चुकतं. पॉलिमरेज (आरएनएच्या प्रती काढणारं विकर) ३′ टोकाकडूनच सुरुवात करतो आणि प्रत्येक जनुकाच्या सीमेवर काही पॉलिमरेज गळून जातात. म्हणून एनचा एमआरएनए सर्वात जास्त तयार होतो आणि एलचा सर्वात कमी. विषाणूला न्यूक्लिओप्रोटीन (एन) ढिगाने लागतं आणि पॉलिमरेज (एल) थोडासाच, तेव्हा जनुकांचा क्रम हेच इथलं नियंत्रण. नुसता क्रम पाठ केला तर तो आठवड्यात विसरतो. हे कारण एकदा कळलं की विसरत नाही.

दुसरं उदाहरण केएफडीचं (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज), म्हणजे सिंधुदुर्गात माकडताप म्हणतात त्याचं. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात तो ओळखला गेला आणि २०१६पासून दोडामार्ग-बांदा परिसरातही त्याचे रुग्ण आढळले. याचा जीनोमही सुमारे ११ हजार न्यूक्लिओटाइडांचाच, पण पॉझिटिव्ह स्ट्रँड, म्हणजे त्यावरून थेट प्रथिनं बनतात. त्यामुळे निव्वळ आरएनए पेशीत सोडला तरी संसर्ग सुरू होऊ शकतो. चांदीपुराच्या निव्वळ आरएनएने तसं होत नाही, कारण त्याला कणासोबत आणलेला पॉलिमरेज लागतो. केएफडीच्या आरएनएवरून एकच लांब पॉलिप्रोटीन बनतं आणि ते कापून दहा प्रथिनं तयार होतात: सी, पीआरएम आणि ई ही तीन रचनात्मक, बाकी सात बिगर-रचनात्मक. केएफडीचा विषाणू ज्या ऑर्थोफ्लॅव्हिव्हायरस गटात मोडतो, त्या गटाच्या जीनोमला ५′ टोकाला कॅप (टोपीसारखी रासायनिक रचना) असते, पण ३′ टोकाला पॉलि-ए शेपूट (सलग ए अक्षरांची माळ) नसतं. वाचताना ही ओळ सहज निसटते आणि तिचा फटका प्रयोगशाळेत बसतो. सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करताना पॉलि-ए शेपटाला चिकटणारा ऑलिगो-डीटी प्रायमर (प्रत सुरू करून देणारा छोटा तुकडा) वापरला तर त्याला बसायला जागाच मिळत नाही, आरटी-पीसीआर कोरा येतो आणि दोष किटवर जातो. इथे कुठेही बसू शकणारा रँडम हेक्सामर किंवा विषाणूविशिष्ट प्रायमरच हवा. जीनोमचा नकाशा पाहताना दोन्ही टोकांना काय आहे हे आधी लिहून काढायची सवय त्यासाठीच लावावी.

या साइटवरची खरी संपत्ती मात्र कुटुंबांच्या पानांत नाही. ती रेणवीय प्रक्रियांच्या पानांत आहे, आणि विद्यार्थी नेमके तिथवर पोचत नाहीत. कॅप-स्नॅचिंग, रायबोसोमल फ्रेमशिफ्टिंग, लीकी स्कॅनिंग, आरएनए एडिटिंग अशा एकेका युक्तीसाठी स्वतंत्र पान आहे, आणि ती युक्ती कोणकोणती कुटुंबं वापरतात हेही तिथे कळतं. इन्फ्लुएंझा केंद्रकात जाऊन प्रतिकृती करतो, आणि यजमानाच्या नवजात आरएनएच्या कॅपा तोडून आपल्या एमआरएनएला लावतो (हेच कॅप-स्नॅचिंग). ही पानं शेजारी उघडून वाचली की दोन्ही गोष्टींचा संबंध लागतो. कोरोनाविषाणूंमध्ये यू-यू-यू-ए-ए-ए-सी या घसरड्या क्रमावर रायबोसोम काही वेळा एक अक्षर मागे सरकतो (हेच फ्रेमशिफ्टिंग), आणि तेव्हाच लांब पॉलिप्रोटीन तयार होतं. तुलनेचे प्रश्न या पानांवरून जसे सुटतात, तसे वर्गातल्या टिपणांवरून सुटत नाहीत.

आता उणिवा. पहिली नावांची. वर्गीकरण ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती आयसीटीव्ही नावं बदलत राहते. फ्लॅव्हिव्हायरस हा गट २०२३पासून ऑर्थोफ्लॅव्हिव्हायरस झाला, प्रजातींना द्विनामी नावं आली. उत्तरपत्रिकेत किंवा प्रबंधात लिहायचं नाव आयसीटीव्हीच्या यादीतूनच घ्यावं. दुसरी उणीव मापांची. पडद्यावर दोन आकृत्या सारख्याच मोठ्या दिसल्या तरी एक कण ५० नॅनोमीटरचा आणि दुसरा १८०चा असू शकतो. आकृतीशेजारचा आकडा नेहमी वाचावा. तिसरी, नकाशे गटाचे प्रातिनिधिक असतात. प्रायमर बेतायला ते वापरूच नयेत. त्यासाठी एनसीबीआय या अमेरिकी जनुकीय माहितीकोशावरचा संदर्भ-जीनोम उघडावा आणि आपल्या भागातल्या स्ट्रेनशी जुळवून पाहावा.

सगळ्यात मोठी उणीव ही की प्रयोगशाळेतलं गणित इथे मिळत नाही. ४२ प्लाक (विषाणूने पेशी मारून पडलेले ठिपके), १०⁻⁵ विरलीकरण, ०.२ मिलीलीटर इनॉक्युलम (पेशींवर टाकलेला द्रव), तर टायटर (विषाणूंचं प्रमाण) २.१ × १०⁷ पीएफयू (प्लाक पाडणारी एककं) प्रति मिलीलीटर. हे गणित हाताने करून सरावावं लागतं. बरेचजण आकारमानाने भागायचं विसरतात आणि उत्तर पाचपट कमी येतं. तसंच एमओआयचं, म्हणजे दर पेशीमागे सरासरी किती विषाणू टाकले त्या आकड्याचं. एमओआय १ म्हणजे प्रत्येक पेशीला एक विषाणू, हा गैरसमज. पॉइसन वितरणानुसार अशा वेळी सुमारे ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात. एमओआय ५ ठेवला तर एक टक्क्याहूनही कमी राहतात. एका फेरीच्या वाढीचा आलेख काढायचा असेल तर म्हणूनच जास्त एमओआय लागतो. रोगप्रसारशास्त्र आणि जैवसुरक्षा हे विषयही इथून होणार नाहीत, त्यांची वेगळी सोय करा.

वापरायची पद्धत अशी. बाल्टिमोर वर्गीकरणाच्या (जीनोमच्या प्रकारावरून केलेल्या) सात वर्गांतून प्रत्येकी एक कुटुंब निवडा. पान वाचा, बंद करा, आणि जीनोमपासून नव्या कणापर्यंतचा प्रवास कोऱ्या कागदावर काढा. प्रत्येक बाणाशेजारी दोनच गोष्टी लिहा: हे काम कोणतं विकर करतं, आणि ते विषाणूचं की पेशीचं. मग पान पुन्हा उघडून तपासा. एका कुटुंबाला साधारण तास जातो. मोबाइलवर आकृत्यांतली अक्षरं बारीक दिसतात, संगणकावर बसलेलं बरं. साइट फक्त इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांना सुरुवातीला अडखळायला होईल, पण वाक्यं छोटी आहेत आणि शब्द तेच ते येतात, त्यामुळे तीन-चार पानांत हात बसतो. सेमिनारला आकृती वापरलीत तर खाली व्हायरलझोनचं नाव द्यायला विसरू नका.